पडली नाही, पडून आहे

खूप जुनी गोष्ट आहे. शेतांना बांध घातले गेले होते, पण साऱ्या शब्दांना अजून अर्थ मिळाले नव्हते, तेव्हाची.

एका राजाला मुलगा झाला. आनंदाच्या भरात राजाने उचलली जीभ लावली टाळ्याला, "राज्यात वीतभर जमीनही पेरल्यावाचून दिसता कामा नये. दिसेल ती सरकारात जमा!" राजा तसा शहाणा होता, पण हुकूम सोडायची हौस शहाण्यांनाही असते.

महिन्याभराने तो शिवार पाहायला निघाला. सगळीकडे पिकं उभी होती. एका म्हातारीच्या शेतात मात्र नुसतं गवत. तिचं तेवढंच एक शेत. दोन वर्षं पेरायचं आणि तिसऱ्या वर्षी शेत तसंच ठेवून साठवणीचं पुरवून खायचं, ही तिची रीत होती.

राजा कडाडला, "म्हातारे, तुझी जमीन पडली, कामातून गेली की काय? ही आता सरकारजमा!"

म्हातारी गवतातून पुढे आली. ती म्हणाली, "घ्या म्हाराज. पर आदी शेजारच्या नि माज्या, दोनी शेतातली मूठमूठ माती उचला."

राजाने आधी शेजारच्या, दरसाल पेरलेल्या शेतातली माती उचलली. राखेसारखी ती बोटांतून गळून गेली. मग म्हातारीच्या शेतात त्याने गवत बाजूला करून हात खुपसला. माती गार होती, काळीभोर होती. गांडुळं वळवळत होती, पांढऱ्या मुळ्यांचं जाळं पसरलं होतं. राजाला वाटलं, आत कुणीतरी श्वास घेतंय!

"ही पडली न्हाई म्हाराज, पडून हाय," म्हातारी म्हणाली. "राणीसाहेब बी महिनाभर पडूनच हायेत न्हवं? बाळंतिणीला कुनी उठ, दळाय बस म्हनतं का?"

राजाने जोडे काढले आणि मातीला हात जोडले. "आजी, चुकलो. शेत तुमचंच," तो म्हणाला. हुकूम त्याने तिथंच फिरवला.

पुढच्या वर्षी त्या शेतातल्या जोंधळ्यात राजा घोड्यासकट दिसेनासा झाला! लोक तोंडात बोटं घालून बघत राहिले. पडून राहिलेल्या जमिनीला तेव्हापासून ते 'पडीक' म्हणू लागले, तेही मानाने. आपण मात्र तो शब्द नाक मुरडून वापरतो.

तात्पर्य: पडून राहिलेल्याला पडलेलं समजू नये, विसाव्यातच उद्याचं पीक असतं.