शेपटापुरते गाणे

त्या अरण्यात गळ्यातून निघालेल्या सुरांना कोणी गाणे म्हणत नसे. कड्यावर आपटून परत आले, तरच ते गाणे. दरीच्या एका अंगाला तो काळा कडा होता आणि दुसऱ्या अंगाला माळ. पक्षी कड्याच्याच अंगाला, त्याच्यासमोरच्या झाडांवर बसून गात आणि माळावरचे प्राणी पडसादाची वाट पाहत. शेजारच्या फांदीवर कोणी जीव ओतून गात असला, तरी त्याला किलबिल म्हणून सोडून द्यायचे, अशी रीत होती.

पूर्वी कड्यासमोर गायचे तर मोराच्या ताफ्यात शिरावे लागे. तिथे दाणापाणी मिळे, पण गाणे कोणाचेही असो, नाव मोराचे व्हायचे. आणि मोराचा स्वतःचा आवाज कसा असतो, हे काय सांगायला हवे? पुढे कडा सर्वांना खुला झाला, तेव्हा सर्वांत आधी ताफा सोडला तो एका दयाळ पक्ष्याने. अख्खा उन्हाळा खपून त्याने एक गाणे बांधले होते. सावकाश चढत जाणारे, मध्येच अडखळल्यासारखे थांबणारे आणि तीन सुरांवर अलगद उतरणारे. माळाने ते ऐकावे आणि दयाळाचे म्हणून ऐकावे, एवढीच त्याची हाव होती.

कड्याला आता दार नव्हते, द्वारपाल नव्हता. म्हणजे भांडायलाही कोणी नव्हते, हे त्याच्या उशिरा लक्षात आले.

गाणे पोचले की नाही, हे कळायला माळावर जाणे भाग होते. तो गायचा आणि धापा टाकत माळाकडे उडायचा. तिथे पोचेपर्यंत पडसाद विरून गेलेला असे. मग भेटेल त्याला विचारत फिरायचे, “ऐकलंत का हो?” असे विचारताना त्याला स्वतःचीच लाज वाटे.

“ते शेवटचं तुझं होय?” एक ससा म्हणाला. “गोड आहे हो. पण सुरू होतं न होतं तोच संपतं.”

दयाळाच्या अंगाचा तिळपापड झाला. कडा त्याच्या गाण्याचे नुसते शेपूट परत देत होता. बाकीचे कुठे जात होते, दगडालाच ठाऊक.

सल्ला द्यायला सातभाई पक्षी होतेच. त्यांच्यापैकी कोणीही जन्मात कड्यासमोर गायले नव्हते, पण कड्याला काय आवडते हे सातही जणांना पक्के माहीत होते. “कड्याला रोज लागतं,” एक म्हणाला. “एक दिवस खाडा केलास की तुला विसरलाच म्हणून समज.” दुसरा म्हणाला, “ऊन कड्याच्या टोकाला टेकलं रे टेकलं की सुरू कर.” तिसऱ्याने मान डावीकडे वाकवून दाखवली. दयाळाने मान वाकवली, उन्हाची वेळ पाळली, ताप आला तरी खाडा केला नाही. एखाद्या दिवशी पडसाद माळभर घुमायचा आणि दुसऱ्या दिवशी, त्याच वेळी, त्याच मानेने गाऊनही कडा ढिम्म. का, ते सातभाईही सांगेनात.

मग सुरुवातीसाठी घसा कशाला शिणवायचा, असे त्याला वाटू लागले. आधी त्याने चढण आखडली. मग मधली थांबण्याची जागा गेली. पुढे पुढे तो फांदीवर बसला की थेट शेवटचे तीन सूर घ्यायचा आणि उडायचा.

“अहो, पूर्वी तुम्ही गायला लागलात की मला किडा टिपायची शुद्ध राहायची नाही,” दयाळीण एकदा म्हणाली. “आता काय ऐकू? शेपूट?”

“शेपूट तरी पोचतंय ना पलीकडं!” तो खेकसला. तिने पुन्हा विषय काढला नाही, आणि ते त्याला जास्त लागले.

एके सकाळी दरी उतरून, चढून, तीन दिवसांची चाल करून एक म्हातारे सांबर झाडाखाली आले. पाय थरथरत होते.

“तूच का रे तो, तीन सुरांचा?” सांबराने विचारले. “असा शेवट उगाच येत नाही. त्याच्या आधी काहीतरी मोठं असणार. ते ऐकायला आलोय. कडा नको, तूच ऐकव.”

दयाळ टुणकन खालच्या फांदीवर आला. इतक्या उन्हाळ्यांत हे कोणी विचारले नव्हते. “आजोबा, बसा,” तो कसाबसा म्हणाला. “अगदी पहिल्यापासून ऐकवतो.” त्याने पिसे झाडली, छाती भरून घेतली, वळून बसला आणि मान डावीकडे वाकवली.

सांबराला पाठ दिसू लागली. ते न कुरकुरता झाडाला वळसा घालून समोर आले आणि कान पुढे करून उभे राहिले.

दयाळ थांबला.

“आजोबा,” तो अदबीने म्हणाला, “जरा बाजूला होता का? तुमच्या शिंगांनी कडा झाकला जातोय.”