गव्याच्या पाठीवरून घेतलेलं मत

लई जुनी गोष्ट आहे, माकडांना सगळे हुशार समजायचे तेव्हाची. पाण्याकडे जायची वाट अरुंद पडते म्हणून दांडग्या गव्याला मधली करवंदीची जाळी तुडवून टाकायची होती. कोल्हा टिक्क्या वानराला म्हणाला, "लेका, सांजेपर्यंत या जाळीबद्दल सगळ्या रानाचं मत आणून दाखव. लाव पैज! तुझ्या बापालाही जमायचं नाही."

"हात तिच्या! त्यात काय?" टिक्क्या फुशारला. चालायचा कंटाळा, म्हणून तो गव्याच्याच पाठीवर बसला आणि रानभर विचारत सुटला, "जाळी काढली तर चालेल का?"

सगळे म्हणाले, "चालेल की!" जाळीत राहणारी सशीणसुद्धा म्हणाली, "चालेल, गवादादा."

म्हातारी घोरपड म्हणाली, "अरे, कोण काय बोललं ते आणलंस. पण कुणासमोर बोललं, कोण कुणाला भितं, ते कोण बघणार?"

"आजी, तू नको शाळा घेऊस. सगळे हो म्हणाले ना? झालं तर!"

गव्याने जाळी भुईसपाट केली. सशिणीची पिल्लं उघड्यावर पडली आणि घारीने त्यातलं एक उचललं.

सशीण एकटीच पुटपुटत बसली, "माझंच चुकलं. मीच हो म्हणाले होते."

टिक्क्याला ते ऐकवेना. तो गव्याच्या पाठीवरून खाली उतरला.

"नाही गं मावशी. तू हो म्हणालीस तेव्हा तुझे कान लटलटत होते. मी वरून बघितलं होतं. तरी मी ते होच धरलं, कारण मला पैज जिंकायची होती."