मोगरीला शिरा हवा

एक होतं पिल्लू. तिळाएवढं नाक, म्हणून नाव तिळू.

तिळूचे डोळे आजच उघडले. आणि आजच दूध संपलं! चुटुचुटु ओढलं, तरी थेंब नाही.

तिळूनं वर पाहिलं. अबब! ही आई? आईच्या बरगड्या दिसत होत्या. जसे फणीचे दात.

"आई, आई, दूध दे ना!"

आईचं नाव मोगरी. ती हळूच म्हणाली, "कुठून देऊ रे बाळा? माझंच पोट पाठीला लागलंय. कुत्री व्याली, की बकूकाकू शिरा करतात. शिरा मिळाला, तर दूध येईल."

तिळू निघाला. लुटुलुटु, धप्प! लुटुलुटु, धप्प!

अबब! केवढा उंबरा! उंबऱ्यात बकूकाकू.

"काकू, काकू, शिरा करा ना!
आईला दूध येईना,
तिळूची भूक जाईना!"

"करते रे राजा. पण गुळाच्या डब्यात मुंग्याच मुंग्या! बाळंतिणीला का मुंग्यांचा शिरा घालू? जा, मुंग्यांना सांग."

लुटुलुटु, धप्प! मागच्या पायरीवर गुळाचा डबा. अबब! केवढ्या मुंग्या!

"मुंग्यांनो, मुंग्यांनो, बाहेर या ना!
काकू शिरा करीनात,
आईला दूध येईना,
तिळूची भूक जाईना!"

"आम्ही निघालोच होतो. पण काकूंनी डबा पाण्याच्या ताटलीत ठेवला. का, तर मुंग्या आत जाऊ नयेत. अहो, आम्ही आतच होतो! जा, पाण्याला सांग."

तिळू ताटलीत वाकला. अबब! पाण्यात आणखी एक तिळू!

"पाण्या, पाण्या, हट ना!
मुंग्या निघेनात,
काकू शिरा करीनात,
आईला दूध येईना,
तिळूची भूक जाईना!"

"हटेन की. पण मला पाय कुठेत? कुणी प्यायलं, तर जाईन. जा, चिमणीला सांग."

टुणुक टुणुक, चिमणी. अबब! हिला पंख!

"चिमणे, चिमणे, पाणी पी ना!
पाणी हटेना,
मुंग्या निघेनात,
काकू शिरा करीनात,
आईला दूध येईना,
तिळूची भूक जाईना!"

"पिईन की. पण तहानच नाही. ऊन तापलं, की तहान लागते. जा, उन्हाला सांग."

भिंतीवर एवढंसं ऊन. अबब! किती पिवळं!

"उन्हा, उन्हा, ताप ना!
चिमणी पाणी पिईना,
पाणी हटेना,
मुंग्या निघेनात,
काकू शिरा करीनात,
आईला दूध येईना,
तिळूची भूक जाईना!"

"तापेन की. पण वर बघ. ढग लोळत पडलाय. हलेल तर शपथ! जा, त्याला सांग."

तिळूनं मान वर केली. आणखी वर. आणखी वर. मागच्या मागे धप्प!

अबब! अबब! ढगाला शेवटच नव्हता.

"ढगा, ढगा, सरक ना!
ऊन तापेना,
चिमणी पाणी पिईना,
पाणी हटेना,
मुंग्या निघेनात,
काकू शिरा करीनात,
आईला दूध येईना,
तिळूची भूक जाईना!"

"काय?" ढग म्हणाला. "कोण कुंई कुंई करतंय? ऐकू येत नाही!"

तिळूनं सगळं पुन्हा सांगितलं.

"काय? मोठ्यानं बोल!"

तिळूनं छाती भरून श्वास घेतला. चारही पाय रोवले. आणि...

"भू!"

कोण भुंकलं? तिळूनं मागे पाहिलं. कुणीच नाही. अबब! मीच?

ढग दचकला. ढग सरकला.
ऊन तापलं, चुर्र चुर्र.
चिमणी पाणी प्यायली, टुचुक टुचुक.
पाणी हटलं.
मुंग्या निघाल्या, तुरुतुरु.
काकूंनी शिरा परतला, खर्र खर्र. निववला, आणि मोगरीपुढे ठेवला.

मोगरी तुटून पडली. "सावकाश ग बाई!" काकू म्हणाल्या. "एकदम खाल्लंस तर पोट बिघडेल. थोडा आत्ता, थोडा दुपारी."

आणि मग? दूध आलं! चुटुचुटु, चुटुचुटु.

रोज थोडा शिरा, थोडी भाकरी. मोगरीची एक बरगडी लपली. मग दुसरी लपली. मग सगळ्याच लपल्या. पोट झालं मऊ मऊ उशी.

तिळूनं उशीवर डोकं टेकलं. वर पाहिलं. अबब! केवढी छान आई!

आईचं पोट भरलं. तिळूचं पोट भरलं. गोष्टीचंही पोट भरलं. ढेकर देऊन ती झोपून गेली.