अकरा पानांचा अर्ज

"आपा, बायकांच्या हक्कांचा जगानं मान्य केलेला करार मी न्यायाधीशांपुढं वाचून दाखवला, आदेशही मिळवला. मग माझं चुकलं कुठं?"

प्रणोती धायगुडे तावातावानं विचारत होती. परदेशात मानवी हक्कांचा कायदा शिकून आलेली वकीलबाई. तालुक्याच्या कोर्टात हा तिचा पहिलाच विजय.

सकिनाआपा मुजावर याच कोर्टात चाळीस वर्षं वकिली करून आता बाहेरच्या लिंबाखाली शेंगा सोलत बसायच्या.

"मला काय विचारतेस? हिला विचार."

शेजारी प्रणोतीची अशील वैजयंता बसली होती. मांडीवर तीन वर्षांची लेक.

"मला घरात राहू द्या असं साहेबांनी लिहिलं, वकीलबाई. सासऱ्यानं ओसरीवर जागा दिली नि मधलं दार लावून घेतलं. म्हणतो, ओसरी काय घराबाहेर हाय व्हय? ... नवरा पिऊन येतो, हात उचलतो. उघड्या ओसरीवर लेकीला कुठं लपवू?"

घ्या! आदेशाचं पालन झालं म्हणे.

"अर्ज किती पानांचा?" आपांनी विचारलं.

"अकरा."

"त्यात जगाची पानं किती?"

"नऊ."

"हिच्या घरी कितीदा गेलीस?"

"एकदाही नाही."

प्रणोतीचे कान लाल झाले. तिनं फाइलमधली ती नऊ पानं ओढून काढली आणि फाडायला घेतली.

आपांनी तिचं मनगट धरलं. म्हातारीची पकड केवढी!

"खबरदार! घरातल्या मारहाणीविरुद्धचा कायदा नव्हता तेव्हा अशाच एकीला घेऊन मी कोर्टाच्या त्या पायऱ्या चढले होते. घर नवऱ्याचं, न्यायाधीश म्हणाले. मागायला कलमच नव्हतं. ती परत गेली... मला अजून तिचं नाव घेववत नाही. देशोदेशीच्या बायकांनी भांडून असे करार करून घेतले, इथल्या बायकांनी ते सरकारच्या गळी उतरवले, तेव्हा कुठं हिला ओसरी तरी मिळाली."

मग त्यांनी वैजयंताच्या हातात एक काटकी दिली.

"काढ तुझं घर."

वैजयंतानं मातीत रेघा ओढल्या. ओसरी. मधलं दार. स्वयंपाकघर, मोरी. शेवटी मागची एक लहान खोली.

"या खोलीला कडी आहे?" आपांनी विचारलं.

"हाय की. आतनं लागती."

प्रणोती काळ्या कोटासकट मातीत बसली. एकेक जागा विचारून लिहून घेतली. कुठली, किती मोठी, किल्ली कुणाकडं.

"आदेशात ही खोली घालून घ्यायला दुरुस्तीचा अर्ज आजच देते. आदेश झाला की पोलिसांना घेऊन मी स्वतः दारात उभी राहते. बघू कोण दार लावतं ते!"

उठता उठता ती थबकली. हातात ती नऊ पानं तशीच होती.

"आपा, हा करार आता अर्जात कुठं घालू?"

आपांनी मातीतल्या त्या लहान खोलीच्या दारावर बोट टेकवलं.

"इथं. कडीच्या आतल्या अंगाला. आधी खोली माग, मग तिच्या पाठीशी ही पानं लाव."