लॉर्डच्या ताटातले व्हायकिंग

स्कारबीच्या किनाऱ्यावर ओढ्याला 'बेक' म्हणायची बंदी झाली आणि पहिल्याच सकाळी डॉर्कसची टोपली जप्त झाली.

स्कारबी हे इंग्लंडच्या उत्तरेचं समुद्रकाठचं गाव. वादळ होऊन गेलं की तिथल्या कड्याखाली वेटोळ्याच्या आकाराचे दगड सापडतात. ते म्हणजे कोट्यवधी वर्षांपूर्वी दगड होऊन बसलेले समुद्री जीव. गावकरी त्यांना साप-दगड म्हणतात आणि हातोडी-टोपली घेऊन दिवसभर त्यांच्या मागे फिरतात. गावच्या लॉर्ड ऑगस्टसलाही हाच नाद होता, फक्त वाकायचा कंटाळा होता.

या लॉर्डने पदरी एक पंडित बाळगला होता, प्रोफेसर पिमलॉट. गप्पांच्या ओघात तो एकदा सांगून बसला की ओढ्याला 'बेक', समुद्रातल्या खडकाला 'स्कार' हे गावठी शब्द इथे व्हायकिंगांनी आणले. हजारेक वर्षांपूर्वी समुद्रावरून लुटायला आले, तेव्हा. झालं! लॉर्डचं डोकं फिरलं. त्याच लुटारूंनी म्हणे त्याच्या खापरपणजोबांच्याही खापरपणजोबांची डुकरं पळवली होती. चोरांचे शब्द आपल्या किनाऱ्यावर चालायचे नाहीत, जो बोलेल त्याची टोपली जप्त, असं त्याने जाहीर करून टाकलं. जप्त टोपल्या त्याच्याच दिवाणखान्यात रिकाम्या व्हायच्या, हे वेगळं सांगायला नको.

गावाची पंचाईत झाली. ओढ्याला आता म्हणायचं काय? एक म्हातारा त्याला 'वरून येतं ते पाणी' म्हणायला लागला, तर घर गळतंय समजून त्याची बायको बादली घेऊन माळ्यावर चढली.

डॉर्कसला त्या सकाळी गाडीच्या चाकाएवढा साप-दगड सापडला होता. असा दगड जन्मात एकदा मिळतो. आनंदाच्या भरात तिने बहिणीला हाक मारली, "अगं, बेकपाशी ये!" खडकाआड लॉर्डचा शिपाई दबा धरून बसलेला. दगड गेला, टोपली गेली आणि तिच्या बापाने मरताना तिच्या हाती दिलेली हातोडीही गेली. हातोडीसाठी ती रडली, मग नाक पुसून तडक वाड्यावर गेली.

लॉर्डला गंमत वाटली. तो म्हणाला, "उद्या माझ्याबरोबर न्याहारी कर. न्याहारी संपेपर्यंत तुझ्या तोंडून एकही व्हायकिंग शब्द आला नाही, तर सगळं परत. आला, तर पुन्हा किनाऱ्यावर पाय ठेवायचा नाही."

"आणि सरकार, नियम दोघांनाही ना?"

"माझ्या तोंडून चोरांचा शब्द? खुशाल!" लॉर्ड म्हणाला. पिमलॉट काहीतरी सांगू पाहत होता, पण त्याच्या हातात घंटा देऊन त्याला पंच करण्यात आलं.

दुसऱ्या दिवशी टेबलाशी बसताच लॉर्डने बजावलं की तोंडात घास असताना बोललेलं त्याला खपत नाही. डॉर्कस याचीच वाट पाहत होती. तिने पावाचा एवढा मोठा तुकडा तोंडात कोंबला की दोन्ही गाल फुगले. मग ती शांतपणे चावत बसली.

लॉर्ड नोकराला म्हणाला, "मला दोन एग आण."

टण्!

पिमलॉट घाबरत घाबरत म्हणाला, "क्षमा असावी सरकार. एग त्यांचंच."

"मग केक आण." टण्! "बरं, स्टेक?" टण्! "निदान नाइफ तरी..." टण्! नोकर बिचारा स्वयंपाकघराच्या दारात आत-बाहेर करत राहिला. लॉर्डला घाम फुटला. "विंडो उघड रे, गुदमरतोय मी!"

टण्!

लॉर्डने टेबलावर मूठ आपटली. "हा लॉ माझा आहे!"

टण्! "लॉसुद्धा त्यांचाच, सरकार," पिमलॉट पुटपुटला. विषय निघालाच आहे तर, म्हणून त्याने हेही सांगून टाकलं की स्कारबीतला 'बी' म्हणजे गाव, आणि तोही व्हायकिंगांचाच. स्कार आधीच गेला होता, आता बीही गेला. मग लॉर्ड नेमका कशाचा लॉर्ड उरला, हे विचारायची कुणाची छाती झाली नाही.

"हरलो!" लॉर्ड कडाडला. "पण चोरीचा माल तो चोरीचाच. उपाशी मरेन, पण बंदी उठवणार नाही!"

डॉर्कसने घास गिळला आणि काचेच्या कपाटांकडे बोट दाखवलं. "सरकार, ते दगड कुणाचे?"

"माझे."

"समुद्राला विचारून उचलले?"

"विचारायचं काय त्यात? समुद्राने किनाऱ्यावर आणून टाकलं, ते उचलेल त्याचं. हा इथला रिवाजच आहे, शेंबडं पोरही सांगेल!"

"मग व्हायकिंगांना इथे कुणी आणून टाकलं?"

लॉर्डची नजर खिडकीबाहेरच्या समुद्राकडे गेली.

"जाताना ते तुमची डुकरं घेऊन गेले आणि शब्द किनाऱ्यावर टाकून गेले," डॉर्कस म्हणाली. "आम्ही उचलले. मागायला आले तर आम्ही बेक देऊन टाकू, सरकार. तुम्ही तुमचं एग देणार का?"

पिमलॉटने डोळे मिटून घेतले. पण लॉर्डचं पोट हलायला लागलं, मग खांदे, मग खुर्ची, आणि शेवटी तो इतका हसला की नोकराला त्याची पाठ चोळावी लागली. डॉर्कसला दगड मिळाला, हातोडी मिळाली, गावाच्या सगळ्या टोपल्या भरून परत गेल्या. वर लॉर्डने आपल्या कळपातलं सर्वांत लठ्ठ डुक्कर तिला बक्षीस दिलं आणि ते व्हायकिंगांपासून जपायला सांगितलं.

"आता आण रे एग!" तो गरजला. "चांगली चार आण!"

टण्! पिमलॉटचा हात सवयीने हलला होता.

लॉर्डने त्याच्या हातातली घंटा काढून घेतली, स्वतः उठून विंडो उघडली आणि घंटा खाली बेकमध्ये भिरकावून दिली.