देवीला पाझर फुटला

काळाला अजून कोणी वार-तिथी लावली नव्हती, तेव्हाची ही गोष्ट. एका गावाच्या उशाशी मोठे तळे होते. तळ्याच्या मातीच्या बांधाला पाठ टेकून देवीचे देऊळ उभे होते आणि बांधाखाली, अगदी शेवटच्या उतारावर, एका म्हाताऱ्या कुंभारणीचे घर होते. घरात तिची लेक आठ दिवसांची बाळंतीण होती.

गावचा पाटील रोज दुपारी जेवून देवळाच्या मंडपात आडवा होई. त्या पावसाळ्यात तळे निम्मे भरले आणि पाटलाला लागोपाठ तीन दुपारी एकच स्वप्न पडले. देवी समोर उभी आहे आणि तिच्या डोळ्यांतून थेंब थेंब पाणी गळते आहे.

देवळाच्या गुरवाने ते ऐकून हात जोडले. "पाटील, देवीला पाझर फुटला! तिला आपली दया आली. सात दिवस उत्सव करा आणि मोडा पाळा, शेतीची कामे बंद ठेवा. जमिनीला कुदळ लागता कामा नये."

गावाला आनंद झाला. कुंभारीण मात्र त्या एका शब्दापाशी अडली. जिचा जन्म मातीकामात गेला, तिला पाझराचा दुसराच अर्थ आधी आठवला: मातीतून झिरपणारे पाणी.

"पाटीलबाबा, हे स्वप्न घरीही पडतं का?"

"नाही. मंडपातच."

"तिथं डोकं कुठं असतं तुमचं?"

"मागच्या भिंतीला. गार लागते."

"मग आज घरी पडून बघा."

"देवी काय भिंत बघून दर्शन देते?" गुरव उसळला.

"ते मला ठाऊक नाही, म्हणून तर विचारते. बांध सुटला, तर पहिलं पाणी माझ्या बाळंतिणीच्या खाटेखाली येईल, बुवा."

पाटील त्या दुपारी घरी झोपला. स्वप्नात एका बोकडाने त्याचे पागोटे खाल्ले. देवी आली नाही.

दुसऱ्या दुपारी कुंभारणीने गुरवालाच त्या भिंतीशी झोपायला सांगितले. तो घोरू लागला आणि भोवती गाव गोळा झाले. जागा झाल्यावर त्याने आधी ओठ पुसले.

"काय दिसलं, बुवा?"

"तूप," तो पुटपुटला. "पळीतून गळत होतं. थेंब थेंब. भातावर."

"बुवांना देवी पावली ती थेट ताटात!" मागून कोणी तरी म्हणाले आणि मंडप हसला.

कुंभारीण हसत बसली नाही. मडके पक्के की तडकलेले, हे ती कानाने ओळखत असे. तसाच तिने भिंतीला कान लावला. पलीकडे टपटप चालली होती.

पाटलाने मोडा मोडला. भिंतीमागे बांध खणला, तेव्हा उंबराचे जुने मूळ कुजून आत हात जाईल एवढी पोकळी झालेली दिसली. तीतून पाणी झिरपत होते. कुंभारणीच्या खाणीतली चिकणमाती आणून गावाने ती चार दिवस तुडवून भरली. पुढच्या पंधरवड्यात तळे काठोकाठ भरले. बांध जागचा हलला नाही.

"म्हणजे देवीनं आधीच सांगितलं होतं!" गुरव म्हणाला.

"सांगितलं असेल, नसेलही. ते ठरवायला माझ्याकडे साधन नाही," कुंभारीण म्हणाली. "थेंब भिंतीमागचा होता, एवढं मी ऐकलं. त्याला डोळे पाटीलबाबांनी दिले आणि पळी तुम्ही दिलीत. पण तुम्ही लावलेल्या अर्थानं कुदळ सात दिवस कोपऱ्यात पडली असती."

तेव्हापासून त्या गावात कोणी स्वप्न सांगू लागला, की म्हातारेकोतारे आधी एवढेच विचारतात, "झोपला होतास कुठं?"

तात्पर्य: स्वप्नाचा अर्थ लावण्याआधी झोपणाऱ्याचा कान कशाला लागला होता, ते पाहावे.