नमुना गेला बर्फात

खाडीकाठच्या एका गावात साबाजी नावाचा एक भोळा माणूस होता. इतका भोळा, की कुणी "जरा कान दे" म्हटलं तर विचारायचा, "खयचो? डावो काय उजवो?"

त्या गावात हुमरसकरबाई आल्या. समुद्रात किती जातींचे जीव आहेत, कोण कोणाचे भाऊबंद, हे त्यांना शोधायचं होतं. माशाच्या शेपटीकडचा बारीक तुकडा घ्यायचा आणि शहरातल्या प्रयोगशाळेत त्याची जनुकं वाचायची, असं ते काम. बाईंचा सगळा जीव अडकला होता निळ्या वामीत, म्हणजे सापासारख्या लांबुळक्या माशात. ती मिळाली नाही तर हंगाम फुकट. आणि मदतीला ठेवला कोणाला? तर साबाजीला. आता काय बोलावं!

पहिल्याच दिवशी बाई म्हणाल्या, "प्रत्येक नमुन्यावर नावाची चिठ्ठी लाव."

साबाजीने बांगड्यावर लिहिलं 'साबाजी'. सुरमईवरही 'साबाजी'. आणि दोन्ही ठेवले उन्हात.

"अरे, ज्याचं त्याचं नाव लिही! आणि बर्फाच्या पेटीत ठेव, नाहीतर सडेल."

"बरा बाई. आता तसाच करतलंय."

मग बाईंनी त्याला मोबाइल सांभाळायला दिला. साबाजीने त्यावर 'हुमरसकरबाई' अशी चिठ्ठी लावली आणि मोबाइल बर्फात पुरला.

"अरे देवा! पेटीत फक्त नमुना! बाकीचं कोरडं पुसून रुमालात गुंडाळ."

"बरा बाई. आता तसाच करतलंय."

पुढे सापडला जिवंत खेकडा. साबाजीने तो कोरडा पुसला, रुमालात गुंडाळला आणि खिशात घातला. नंतर काय झालं ते तो कुणालाच सांगत नाही.

"अरे, समुद्रातला जीव समुद्राच्या पाण्यात!" बाई ओरडल्या.

"बरा बाई," साबाजी कण्हत म्हणाला.

आणि एके दिवशी जाळ्यात निळी वाम आली! जिवंत, बादलीत वळवळणारी. बाईंना आनंदाने रडूच कोसळलं.

"साबाजी, नमुना पेटीत घाल. गाडी आत्ता निघेल."

"बाई, वाम शहरात पोचली की फोन करतली मां?"

बाईंनी कपाळावर हात मारला. "साबाजी, तू म्हणजे ना, एक नमुनाच आहेस!" असं म्हणून त्या गाडीवाल्याला बोलवायला गेल्या.

साबाजी विचारात पडला. बाई एवढ्या शिकलेल्या. त्या म्हणतात म्हणजे असणारच.

त्याने वाम समुद्रात सोडली. शर्टावर 'साबाजी' अशी चिठ्ठी लावली. पेटीत बसला आणि झाकण आतून ओढून घेतलं.

प्रयोगशाळेत मोठ्या साहेबांनी हातात कात्री घेऊन पेटी उघडली. आत निळा पडलेला साबाजी कुडकुडत होता. कात्री बघून तो घाईघाईने पालथा झाला.

"सायबानू, शेपटेकडसूनच घेवा. पण बारीकसो हां!"